एकच यंत्र, दोन घराणी: टिसॉट सीस्टार आणि सर्टिना डीएस ॲक्शनची पार्श्वभूमी

आटोक्यातल्या किमतीचे, पाण्यात उतरवता येईल असे स्विस स्वयंचलित (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे) घड्याळ शोधणाऱ्यापुढे बहुतेक वेळा दोन नावे येतात: टिसॉट सीस्टार १००० आणि सर्टिना डीएस ॲक्शन डायव्हर. दोन्ही ३०० मीटरपर्यंतच्या पाण्याचा दाब सोसतात. सीस्टारच्या नावातला हजाराचा आकडा फुटांचा आहे. दोन्हींत पॉवरमॅटिक ८० हेच यंत्र आहे. मग फरक कशात शोधायचा? माझ्या मते तो केसच्या, म्हणजे यंत्राभोवतीच्या बाहेरच्या कवचाच्या, बांधणीत शोधावा आणि त्यासाठी दोन्ही घराण्यांचा इतिहास पाहावा.

टिसॉटची स्थापना १८५३ मध्ये ज्युरा डोंगररांगांतील ल लोक्ल या गावी झाली, तर सर्टिनाची सुरुवात १८८८ मध्ये ग्रेंखेन येथे आडोल्फ आणि आल्फ्रेड कुर्थ या भावांनी केली. पुढे दोघांच्या वाटा वेगवेगळ्या गटांत गेल्या. टिसॉट १९३० मध्ये ओमेगाबरोबर एका समूहात आली. सर्टिना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या समूहाच्या प्रतिस्पर्धी गटात सामील झाली आणि यंत्रे बनवणारी ईटीए ही कंपनीही त्याच गटाची होती.

डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचे, म्हणजे बॅटरीवर चालणारे, मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगाचा कणाच मोडल्यासारखा झाला. १९७० मध्ये या उद्योगात सुमारे ९० हजार लोक काम करत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या ३० हजारांच्या आसपास आली. डबघाईला आलेले हे दोन्ही गट १९८३ मध्ये एकत्र करण्यात आले आणि त्यातूनच आजचा स्वॉच समूह उभा राहिला. एकेकाळचे प्रतिस्पर्धी एकाच छपराखाली आले आणि दोघांनाही यंत्र पुरवण्याचे काम ईटीएकडे राहिले.

पॉवरमॅटिक ८० ची मुळे ईटीएच्याच २८२४ या जुन्या, भरवशाच्या यंत्रात आहेत. जुने यंत्र पूर्ण चावी दिल्यावर सुमारे ३८ तास चालत असे, नवे ८० तास चालते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळीही चालू असते. त्यासाठी ठोक्यांची गती ताशी २८,८०० वरून २१,६०० वर आणण्यात आली. सेकंदकाटा जवळून न्याहाळला तर हा बदल डोळ्यांना दिसतो, कारण सेकंदाला आठऐवजी सहाच पावले पडतात.

केसच्या बाबतीत मात्र सर्टिनाचा वारसा मला अधिक भरीव वाटतो. १९५९ मध्ये या कंपनीने ‘डीएस’, म्हणजे ‘दुहेरी सुरक्षा’, ही रचना आणली. त्यात यंत्र धातूच्या केसमध्ये घट्ट न बसवता त्याभोवती लवचिक कडे ठेवलेले असे, त्यामुळे आदळआपट झाली तरी धक्का त्या कड्यात जिरत असे. शिवाय काच जाड होती आणि पाणी आत शिरू नये म्हणून चावीला व मागच्या झाकणाला जादा रबरी वेष्टने होती. पुढच्याच वर्षी, मे १९६० मध्ये, धौलागिरीवर प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या स्विस मोहिमेबरोबर ही घड्याळे होती. मागच्या झाकणावर कोरलेले कासव हे याच कणखरपणाचे चिन्ह आहे.

पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ नोंदवलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली तपासले जाते. बेझेलला, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याला, अनवधानाने धक्का लागला तरी पाण्यात गेलेला वेळ कमी दिसू नये, म्हणून ते एकाच दिशेने फिरते. डीएस ॲक्शन डायव्हर या मानकानुसार बनते. टिसॉटमध्ये या मानकाचे नाव ६०० मीटरच्या सीस्टार २००० प्रोफेशनलपाशी येते.