कार्ट्रिज भारी आहे हो, पण आर्मला झेपते का?

रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्डवर टेकणारी सुई जिला असते ती छोटी डबी, घेताना लोक आधी कंपनी विचारतात, मग किंमत, मग सुईचं टोक कोनिकल (गोल) का एलिप्टिकल (लंबगोल). पण कार्ट्रिज बसणार कुठल्या आर्मवर (तिला धरणारी लांब दांडी) आणि जोडणार कुठल्या प्री-अँपला (तिचा बारीक सिग्नल वाढवणारा अँप) हे सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते अर्धा खेळ तिथेच आहे.

सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते आणि दांडीच्या मुळाशी रबर असतं, म्हणजे स्प्रिंगच झाली. त्या स्प्रिंगला लटकलेलं वजन म्हणजे कार्ट्रिज, स्क्रू आणि आर्म. आता स्प्रिंग आणि वजन एकत्र आले की झोपाळ्यासारखी त्यांची एक स्वतःची लय ठरते, त्या लयीत हलका धक्का बसला तरी झोका वाढतच जातो, यालाच रेझोनन्स म्हणतात. माळ्यावर दोन-चार उन्हाळे काढलेली एलपी वाकडी झालेली असते, तिचे उंचवटे सेकंदाला साधारण अर्ध्यापासून पाच-सहा वेळा सुईला उचलतात, आणि संगीत सुरू होतं 20 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 20 कंपनांच्या आसपास. म्हणून ही लय दोघांच्या मधे, 8 ते 12 हर्ट्झमधे पडलेली बरी. त्याच्या खाली गेली की गाणं शांत असताना सुद्धा वूफरचा म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा पडदा पुढेमागे डुलताना दिसतो, अँपची ताकद फुकट जाते आणि कधी सुईच उडते.

हिशोब सोपा आहे. सगळं वजन ग्रॅममधे घ्यायचं, कार्ट्रिजच्या कॉम्प्लायन्सने म्हणजे स्प्रिंगच्या मऊपणाच्या आकड्याने गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि 159 ला त्याने भागायचं. आर्मचं वजन मात्र काट्यावर कळत नाही, कंपनी इफेक्टिव्ह मास, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं वजन, देते तोच धरायचा. टेक्निक्स एसएल-1200 चा आर्म 12 ग्रॅमचा, ऑर्टोफॉन 2एम रेड 7.2 ग्रॅम, स्क्रू धरून झाले 20, कॉम्प्लायन्स पण 20, म्हणजे 400 चं वर्गमूळ 20 आणि उत्तर जवळपास 8 हर्ट्झ. काठावर पास.

आता त्याच आर्मवर डेनॉनची डीएल-103 लावा, ही जपानच्या एनएचके रेडिओसाठी 60 च्या दशकात बनलेली आणि अजून विकली जाते. कॉम्प्लायन्स छापलाय 5, हिशोब केला की येतात साडेपंधरा हर्ट्झ, माणूस घाबरतो. पण थांबा, जपानी कंपन्या हा आकडा बहुतेक 100 हर्ट्झवर मोजतात आणि आपल्याला हवा असतो 10 हर्ट्झवरचा, जो साधारण दीडपट ते दुप्पट भरतो. दुप्पट धरला तर उत्तर 11 हर्ट्झ, दीडपट धरला तर 13 च्या आसपास, म्हणून हिला जड हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा तुकडा) लावतात ते उगाच नाही, वजन वाढलं की लय खाली येते.

गंमत म्हणजे अगदी हीच भानगड दुसऱ्या टोकाला, विजेत, परत होते. मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे सुईबरोबर चुंबक हलतं त्या जातीच्या कार्ट्रिजमधे तारेची हजारो वेटोळी असतात, 2एम रेड याच जातीची, तिचा इंडक्टन्स (वेटोळ्यांचा विजेतला जडपणा, इथलं वजन) तब्बल 700 मिलिहेन्री. आर्मपासून अँपपर्यंतची केबल आणि अँपचा इनपुट मिळून जो कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता, इथली स्प्रिंग) असतो त्याच्याशी याची जोडी जमते, 200 पिकोफॅरडला रेझोनन्स साडेतेरा किलोहर्ट्झला, 400 ला थेट साडेनऊला. मग सात-आठ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज उठतो, 'स' टोचतो आणि त्याच्या वरचं सगळं भराभर गळून जातं. लोक सुईला शिव्या घालतात आणि दोष असतो लांबलचक केबलचा! कंपनी 150 ते 300 सांगते, त्यात केबल पण मोजायची. अँपच्या इनपुटचा 47 किलोओमचा रेझिस्टन्स म्हणजे लोड इथे ब्रेकचं काम करतो, म्हणून तो ठरलेला आहे.

मूव्हिंग कॉइलला, म्हणजे चुंबकाऐवजी तारेची कॉइल हलते त्या जातीला, मात्र वेटोळी इतकी कमी की कपॅसिटन्सची ही कटकट कानापर्यंत येतच नाही. तिथे बघायचा फक्त रेझिस्टन्स, डीएल-103 ची कॉइल 40 ओमची, तिला अँपचा लोड 100 ओम किंवा जास्त द्या. 40 च दिलात तर अर्धा व्होल्टेज तिथेच गेला, आणि मुळात असतो किती, तर 0.3 मिलिव्होल्ट.