बेअर्सनी ३७ वर्षांचा केस कीनम का आणला, त्याची मागची गोष्ट

२०२५ च्या एप्रिलमध्ये शिकागो बेअर्सनी केस कीनम या अनुभवी क्वार्टरबॅकला (बॉल फेकून टीमचा हल्ला चालवणारा प्लेयर) एका वर्षासाठी घेतलं आणि इथे शिकागोत आमच्यातले जे चार मराठी लोक अमेरिकन फुटबॉल बघतात त्यांच्यात लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, टीमचा तरुण क्वार्टरबॅक केलेब विल्यम्ससारख्या पोराला शेजारी कोणीतरी जाणता माणूस पाहिजेच होता, वर्षभर उशीरच झाला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कोच कशाला असतात मग, ५३ जणांच्या टीममधली एक जागा न खेळणाऱ्या माणसावर का घालवायची. मी पहिल्या बाजूचा आहे, पण का, ते सांगायचं तर २०२५ वर थांबून चालत नाही, बरंच मागे जावं लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण भारतातल्या लोकांना यात क्रिकेटचा सीनियर-ज्युनियर दिसतो. क्रिकेटमध्ये नवीन पोरगा समोरच्या टोकाला सीनियर असताना बॅटिंग करतो, ओव्हरच्या मध्ये दोघं बोलतात, सीनियर स्ट्राइक घेऊन त्याला वाचवतो. क्वार्टरबॅकचं तसं नाही, मैदानावर एका वेळी एकच असतो. कोचचा आवाज हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतो (हे १९९४ पासून) आणि प्ले क्लॉकवर (पुढची चाल सुरू करायचं घड्याळ) १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, त्यापुढे समोरचा डिफेन्स बघून काय बदलायचं, कुठून ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांची धाड) येतोय, टाइमआउट घ्यायचा की नाही, सगळं त्या एका पोराच्या डोक्यावर. म्हणजे गुरू असलाच तरी त्याची शिकवणी रविवारी कामाला येत नाही, जे काय शिकवायचं ते सोमवार ते शनिवार.

आता या सगळ्यात अँडी रीड हे नाव परत परत येतं. १९९९ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सचा हेड कोच झाला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे प्लेयर टीम्स नंबराने निवडतात तिथे, दुसऱ्या नंबरचा पिक वापरून क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबला घेतलं (ड्राफ्टच्या हॉलमध्ये ईगल्सच्याच फॅन्सनी हुर्यो केली होती), पण सीझन सुरू केला डग पीडरसनला घेऊन. पीडरसन कोण, तर ग्रीन बेमध्ये ब्रेट फार्व्हचा बॅकअप, रीड तिथे असिस्टंट होता तेव्हापासूनचा ओळखीचा, रीडचा ऑफेन्स (हल्ल्याची पद्धत) त्याला पाठ होता. पहिल्या नऊ मॅचेस पीडरसन खेळला, त्यातल्या सात हरला, नोव्हेंबरमध्ये मॅकनॅब आला आणि पुढची दहा-अकरा वर्षं तोच. पीडरसन काही मोठा प्लेयर नव्हता, त्यालाही माहीत होतं की ही जागा आपली नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

असे किस्से पुढे बरेच झाले, सगळे सांगत बसत नाही. सिनसिनाटीने २००३ मध्ये कार्सन पामरला पहिल्या नंबरवर घेऊन वर्षभर एकही स्नॅप (एक चाल खेळायची संधी) दिला नाही, जॉन किटनाच सगळ्या १६ मॅचेस खेळला. न्यूयॉर्क जायंट्सनी २००४ मध्ये ईलाय मॅनिंगच्या आधी कर्ट वॉर्नरला नऊ मॅचेस दिल्या, तेव्हा टीम ५-४ होती, तरी बदललं. आणि ग्रीन बेमध्ये उलटं झालं, २००५ मध्ये ॲरन रॉजर्स आला तेव्हा त्याला तयार करणं आपलं काम नाही असं फार्व्ह उघड बोलायचा. तरी रॉजर्स तीन वर्षं बसून शिकला आणि २०११ च्या फेब्रुवारीत सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला. म्हणजे गुरूने शिकवायला नकार दिला तरी बघून शिकता येतं, फक्त बघायला मिळायला पाहिजे आणि वेळ पाहिजे.

२०११ मध्ये दोन गोष्टी बदलल्या आणि हा सगळा हिशोबच बदलला. मालक आणि प्लेयर्सच्या नव्या करारात रूकीच्या (नव्या प्लेयरच्या) पगारावर मर्यादा आली. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर, आणि पुढच्याच वर्षी पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख. पोरगा स्वस्त झाला, त्यामुळे एकीकडे अनुभवी माणूस घ्यायला पैसे उरायला लागले, पण दुसरीकडे ही स्वस्ताईची चार वर्षं बसवून वाया का घालवायची म्हणून त्याला पहिल्याच दिवशी खेळवायची घाई पण वाढली. दुसरी गोष्ट फार कोणी बोलत नाही पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते: त्याच कराराने प्रॅक्टिस कापली, दिवसातून दोनदा पॅड घालून प्रॅक्टिस बंद, सीझनमध्ये पॅडवाल्या प्रॅक्टिस फक्त १४, आणि सीझन संपल्यावर कोचने प्लेयरला बसवून शिकवायचे दिवस खूपच कमी. पण टीममेटला असली काही बंदी नाही. मार्चमध्ये रात्री दहाला फोन करून समोर दोन सेफ्टी (डिफेन्सचे सगळ्यात मागचे प्लेयर) मागे उभे असले तर तू काय बघतोस असं कोच विचारू शकत नाही, टीममेट विचारू शकतो. "कोच कशाला असतात मग" याला माझं उत्तर हे आहे.

आता येतो २०१७ वर, आणि हे लिहिताना बेअर्सवाल्याला अजून त्रास होतो. एकाच वसंतात, एकाच ड्राफ्टमध्ये दोन टीमनी वरकरणी एकच गोष्ट केली. बेअर्सनी मार्चमध्ये माइक ग्लेननला तीन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलरचा करार देऊन आणलं, तू आमचा स्टार्टर असं सांगून, आणि एप्रिलमध्ये वर सरकून दुसऱ्या नंबरवर मिच ट्रुबिस्कीला घेतलं. कॅन्सस सिटी चीफ्सनी (तिथे आता अँडी रीड) २७ वरून दहाव्या नंबरवर येऊन पॅट्रिक महोम्सला घेतलं, त्यांच्याकडे ॲलेक्स स्मिथ आधीपासून होता.

ग्लेनन चार मॅचेस टिकला. त्याला ज्या कामासाठी आणलं ते काम महिन्याभरात बदललं होतं, आणि तो स्वतः तोवर कुठेच नीट स्थिरावलेला नव्हता, तो ट्रुबिस्कीला काय दाखवणार होता?

स्मिथची गोष्ट वेगळी. २००५ मध्ये पहिल्या नंबरवर सॅन फ्रान्सिस्कोने घेतलेला हा माणूस, सुरुवातीची वर्षं जवळपास दरवर्षी नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याचा कोच) आणि नवीन प्लेबुक (चालींची वही), लोकांनी फेल म्हणून शिक्का मारला, मग सावरला, आणि २०१२ मध्ये चांगला खेळत असताना डोक्याला मार लागून बसला तर कॉलिन कॅपरनिकने जागा घेतली ती घेतलीच. म्हणजे पोराच्या बाजूचं दुःखही त्याने भोगलं होतं आणि जागा गेलेल्या माणसाचंही. २०१७ मध्ये त्याला दिसत होतं की टीमने आपला वारस आणलाय, तरी त्याने महोम्सला आपल्या आठवड्यात सामील करून घेतलं. हा आठवडा म्हणजे नक्की काय ते सांगितल्याशिवाय कळत नाही: मंगळवार सुट्टीचा पण क्वार्टरबॅक येऊन पुढच्या टीमची फिल्म बघतात, बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनचे प्ले (डाउन म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी एक), गुरुवारी थर्ड डाउन, शुक्रवारी रेड झोन (समोरच्यांचे शेवटचे २० यार्ड), आणि प्रत्येक दिवशी आधी स्वतः काय बघून ठेवायचं, कोचला काय विचारायचं, कुठला प्ले मला आवडत नाही म्हणून काढून टाका असं केव्हा सांगायचं. हे प्लेबुकमध्ये लिहिलेलं नसतं. कॉलेजमध्ये महोम्सकडे लांब फेकायचा हात होता, धाडस होतं, पण हा असा आठवडा नव्हता, आणि स्मिथकडून तयारी कशी करायची ते शिकलो हे त्याने पुढे अनेकदा मोकळेपणी सांगितलंय.

आणि स्मिथ नुसता शिकवत नव्हता, त्या वर्षी तो लीगमधला सगळ्यात जास्त पासर रेटिंगवाला (पास किती चांगले टाकले त्याचा आकडा) क्वार्टरबॅक होता, २६ टचडाउन, फक्त ५ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). महोम्सला शेवटची एकच मॅच मिळाली, डेन्व्हरमध्ये, ३१ डिसेंबरला, ती २७-२४ ने जिंकला. महिन्याभरात चीफ्सनी स्मिथला वॉशिंग्टनला देऊन टाकायचं ठरवलं, २०१८ मध्ये महोम्सने ५० टचडाउन टाकले आणि एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम प्लेयर) झाला. त्याच नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनकडून खेळताना स्मिथचा पाय मोडला, इन्फेक्शन झालं, १७ ऑपरेशन्स झाली, पाय जातो की काय अशी वेळ आली, आणि २०२० मध्ये तो परत मैदानात उतरला. मी ती मॅच उभा राहून बघितली होती.

मग सगळ्यांना ॲलेक्स स्मिथ पाहिजे झाला. सगळ्यात जास्त आम्हाला, कारण २०१८ मध्ये बेअर्सचा हेड कोच झाला मॅट नॅगी, जो २०१७ मध्ये चीफ्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता. त्याने ट्रुबिस्कीसाठी चेस डॅनियलला आणलं, रीडच्याच चीफ्समध्ये स्मिथचा बॅकअप राहिलेला. डॅनियलने आख्ख्या करियरमध्ये पाच मॅचेस स्टार्ट केल्या आणि चार कोटी डॉलरच्या वर कमावले, आणि लोक याला हसतात पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, कोणीतरी त्याच्या डोक्यातल्या माहितीचे पैसे देत होतं. ट्रुबिस्की मात्र फार वर गेला नाही. गुरू चांगला म्हणून शिष्य महोम्स होत नाही हे इथे मान्य करायलाच लागतं.

२०२१ मध्ये परत तेच: अँडी डाल्टनला आणलं, मग ड्राफ्टमध्ये जस्टिन फील्ड्सला, आणि नॅगीने कॅन्सस सिटीचा प्लॅन डोळ्यासमोर ठेवून डाल्टन स्टार्टर म्हणून जाहीर केला. कॅम्पमध्ये पहिल्या टीमबरोबरचे स्नॅप्स डाल्टनला. दुसऱ्याच मॅचमध्ये डाल्टनचा गुडघा दुखावला आणि फील्ड्स क्लीव्हलँडमध्ये पहिली मॅच स्टार्ट करायला उभा राहिला. नऊ वेळा सॅक, म्हणजे बॉल फेकायच्या आतच पाडला. सॅकचे यार्ड वजा केले तर आख्ख्या मॅचमध्ये पासिंगचा एक यार्ड. एक! डाल्टन सज्जन माणूस आहे, त्याचा यात काही दोष नाही, पण चीफ्सकडे स्मिथ आधीपासून स्थिर होता, टीम चांगली होती, क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची लाइन चांगली होती, म्हणून महोम्सला बसवणं परवडलं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं, आम्ही फक्त रचना उचलली, आणि पोराचा सराव दुसऱ्याला देऊन बसलो.

२०२४ मध्ये मग दुसरं टोक. केलेब विल्यम्स पहिल्या नंबरवर आला आणि त्याच्या मागे कोण, तर टायसन बॅजेन्ट, स्वतः दुसऱ्या वर्षाचा, शेफर्डसारख्या छोट्या कॉलेजमधून ड्राफ्टशिवाय आलेला. पोरगा मेहनती आहे पण तोही तेव्हा शिकतच होता. विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला, लागोपाठ दहा मॅचेस हरलो. थँक्सगिव्हिंगची डेट्रॉइटची मॅच आठवा: तीन पॉइंट्सनी मागे, फील्ड गोल (किक मारून मिळणारे तीन पॉइंट्स) जवळपास टप्प्यात, अर्धा मिनिट उरलेलं असताना सॅक झाला, टाइमआउट हातात होता, आणि घड्याळ चालूच राहिलं, बॉल स्नॅप झाला तेव्हा सहा सेकंद उरले होते, लांब पास पडला आणि २३-२० ने संपलं. टाइमआउट हेड कोचने घ्यायला पाहिजे होता, दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेलीच. पण क्वार्टरबॅकही टाइमआउट मागू शकतो, आणि असा प्रसंग आधी दहा वेळा भोगलेल्या माणसाबरोबर वर्षभर बसलेला पोरगा तिथे हात वर करतो असं मला मनापासून वाटतं.

म्हणून कीनम. ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, कॉलेजमध्ये ह्यूस्टन युनिव्हर्सिटीकडून १९ हजारांहून जास्त यार्डचा विक्रम, २०१७ मध्ये मिनेसोटात बॅकअप म्हणून आला आणि टीमला कॉन्फरन्स फायनलपर्यंत (म्हणजे लीगच्या सेमीफायनलपर्यंत) घेऊन गेला, तिथे ३८-७ ने हरला ते पीडरसन हेड कोच असलेल्या ईगल्सकडून, हा योगायोग मला फार आवडतो. नंतर बफेलोत जॉश ॲलनच्या मागे, मग ह्यूस्टनमध्ये सी. जे. स्ट्राउडच्या पहिल्या दोन वर्षांत. २०२३ पासून मॅचच्या दिवशी तिसरा क्वार्टरबॅक इमर्जन्सीसाठी वेगळा ठेवता येतो (आदल्या सीझनच्या सेमीफायनलला सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले त्यानंतर आलेला नियम), त्यामुळे मॅचच्या दिवशी तरी असा माणूस कोणाची जागा अडवत नाही.

२०२५ मध्ये बेअर्सनी ११ मॅचेस जिंकल्या आणि विभाग जिंकला. याचं श्रेय कीनमला देणं चुकीचं होईल, बेन जॉन्सनसारखा हेड कोच आला होता, लाइनचा मधला भाग सगळा नवीन घेतला होता. बॅजेन्ट नंबर दोनवरच राहिला, कीनम तिसरा. पण २०१७ आणि २०२१ मध्ये जे केलं नव्हतं ते या वेळी केलं: कॅम्पच्या पहिल्या दिवसापासून पहिल्या टीमचे स्नॅप्स विल्यम्सचे होते, आणि कीनमला आणताना त्याला कोणीही स्टार्टर म्हटलं नव्हतं.