क्वेस्ट हेल्पर टाकला पण गेममध्ये दिसतच नाही? फोन करण्याआधी हे वाचा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये क्वेस्ट म्हणजे करायची कामं, आणि क्वेस्ट हेल्पर म्हणजे ती कुठे करायची ते दाखवणारा ॲडऑन, गेमला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम. या गेमचं सेटअप आमच्याकडून करून घेणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय, कारण प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, "डाउनलोड केलं, फोल्डरमध्ये टाकलं, गेम चालू केला, आणि काहीच नाही." मग आम्ही रिमोटवर तुमची स्क्रीन बघतो, ॲडऑन्सचा फोल्डर उघडतो, आणि बहुतेक वेळा दोन मिनिटांत काम होतं, पण त्या दोन मिनिटांसाठी तुमची अख्खी संध्याकाळ गेलेली असते आणि गिल्डवाले (गेममधला तुमचा गट) पुढे निघून गेलेले असतात.

चूक एकच आहे, फोल्डरच्या आत फोल्डर.

झिप फाइलवर राइट क्लिक करून तुम्ही एक्स्ट्रॅक्ट ऑल करता ना, तेव्हा विंडोज स्वतःच झिपच्या नावाचा एक जास्तीचा फोल्डर तयार करतं. म्हणजे क्वेस्टी नावाचा क्वेस्ट हेल्पर घेतलात तर बाहेर व्हर्जन नंबरवाला एक फोल्डर, आणि त्याच्या आत खरा 'क्वेस्टी' नावाचा फोल्डर. तुम्ही बाहेरचा उचलून ॲडऑन्समध्ये टाकता. दिसायला सगळं बरोबर दिसतं, म्हणून तर कळत नाही. पण गेम फक्त एक पायरी आत बघतो. ॲडऑन्समध्ये थेट जे फोल्डर पडलेत त्यांच्यात डोकावतो, त्यात डॉट टीओसी फाइल आहे का आणि तिचं नाव फोल्डरच्या नावाशी जुळतं का एवढं तपासतो, नाही जुळलं की तो फोल्डर त्याच्यासाठी नाहीच. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. ही टीओसी फाइल म्हणजे ॲडऑनची अनुक्रमणिका, कुठल्या फाइल कुठल्या क्रमाने लोड करायच्या ते तिच्यात असतं.

याच चुकीचा चुलतभाऊ म्हणजे गिटहबवरून, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवतात त्या साइटवरून, घेतलेली झिप. तिच्यातल्या फोल्डरच्या नावाला शेवटी डॅश मास्टर किंवा डॅश मेन असं शेपूट असतं. गेम मग त्या शेपटासकट नावाची टीओसी शोधतो, आणि ती नसतेच. शेपूट कापून फोल्डर रिनेम केलं की पुष्कळदा काम होतं, पण सोर्स कोडच्या झिपमध्ये कधी कधी ॲडऑनला लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोडच्या फाइल) नसतात, त्यामुळे लिस्टमध्ये दिसतो आणि उघडल्यावर एरर फेकतो. म्हणून आम्ही सांगतो की रिलीज म्हणून दिलेली झिप घ्या, नाहीतर सरळ कर्सफोर्ज या ॲडऑनच्या साइटवरून घ्या.

तपासायला सोपी खूण सांगतो. ॲडऑन्स उघडा, ॲडऑनचा फोल्डर उघडा, एवढ्या दोनच क्लिकमध्ये टीओसी फाइल समोर दिसली पाहिजे. तिसरी क्लिक लागली की समजा आतला फोल्डर बाहेर काढायचाय. आणि हो, काही ॲडऑन एकाच झिपमध्ये चार-पाच फोल्डर देतात, ते सगळेच्या सगळे ॲडऑन्समध्ये शेजारी शेजारी पडले पाहिजेत, "हा कशाला लागतोय" म्हणून एखादा वगळायचा नाही.

आता दुसरी गोष्ट, कुठल्या गेमचा ॲडऑन्स फोल्डर? वॉरक्राफ्टच्या मुख्य फोल्डरमध्ये रिटेल (गेमची आजची आवृत्ती), क्लासिक, क्लासिक एरा (जुन्या आवृत्त्या) असे वेगवेगळे फोल्डर असतात, नावाच्या पुढेमागे अंडरस्कोर असलेले, आणि प्रत्येकाच्या आत त्याचा स्वतःचा इंटरफेस आणि त्याच्या आत स्वतःचा ॲडऑन्स. क्वेस्टी हा क्लासिकवाल्यांचा ॲडऑन आहे, तो रिटेलमध्ये टाकून वाट बघत बसणारे आम्हाला नेहमी भेटतात. गेम जिथून चालू करतो त्या बॅटलनेट ॲपमध्ये प्ले बटणाशेजारच्या गिअरवर क्लिक केलंत की शो इन एक्सप्लोरर येतं, तिथून गेलात तर वॉरक्राफ्टच्या खऱ्या फोल्डरशी पोचता, मग फक्त आपण खेळतो त्या व्हर्जनचा फोल्डर उघडायचा. डेस्कटॉपवरच्या जुन्या कॉपीत टाकून "चालत नाही" म्हणणारे पण आहेत, म्हणून सांगतोय. ॲडऑन्स फोल्डर नसेलच तर हाताने बनवलात तरी चालतं, स्पेलिंग तेवढं नीट बघा.

फाइल टाकताना गेम पूर्ण बंद ठेवा. गेम चालू असताना नवीन ॲडऑन टाकून चॅटमध्ये स्लॅश रिलोड (ॲडऑन परत लोड करायची आज्ञा) मारत बसू नका, रिलोड हे आधीपासून लोड झालेल्या ॲडऑनसाठी ठीक आहे, नवीन फोल्डर ओळखायला गेम बंद करून परत उघडावा लागतो. मग कॅरेक्टर निवडायच्या स्क्रीनवर ॲडऑन्स बटण दाबून लिस्टमध्ये टिक आहे का बघा, आणि वरती कॅरेक्टरचं नाव निवडायची जागा आहे तिथे ऑल ठेवा, नाहीतर एका कॅरेक्टरला दिसेल आणि दुसऱ्याला नाही, मग परत आम्हाला फोन.

लिस्टमध्ये नाव आहे पण आउट ऑफ डेट लिहिलंय, तर ती वेगळी गोष्ट. टीओसीत एक इंटरफेस नंबर असतो, गेमची आवृत्ती ११.०.२ असेल तर तो ११०००२ असा. पॅच, म्हणजे गेमचं अपडेट, आला की गेमचा नंबर पुढे जातो आणि ॲडऑनचा मागे राहतो. लोड आउट ऑफ डेट ॲडऑन्सची टिक दिसत असेल तर ती मारून तात्पुरतं चालवता येतं, पण खरा उपाय म्हणजे लेखकाने अपडेट काढेपर्यंत एक-दोन दिवस थांबायचं. मोठ्या पॅचच्या दिवशी आमचा फोन सारखा वाजतो, आणि त्या दिवशी आमच्याही हातात फार काही नसतं, हे आधीच सांगून ठेवतो.

बरं, घ्यायचा कुठला? क्लासिक खेळत असाल तर क्वेस्टी एकटा पुरेसा आहे, मॅपवर आणि मिनीमॅपवर क्वेस्ट कुठे मिळते, कोणाला मारायचं, कुठे परत द्यायची सगळं दाखवतो. रिटेलमध्ये मात्र गेमचा स्वतःचा मॅपच आता बरंच दाखवतो. डिसेंबर २००९ च्या ३.३ पॅचपासून ही सोय गेममध्येच आली, त्याच्या आधी ॲडऑनशिवाय लोक अक्षरशः क्वेस्टचा मजकूर वाचून डोंगर शोधायचे. (त्या काळी क्वेस्ट हेल्पर याच नावाचा एक ॲडऑन होता, तो कधीचाच बंद पडलाय, तो शोधू नका.) रिटेलमध्ये कोणी कोऑर्डिनेट (मॅपवरच्या जागेचे आकडे) दिले आणि तिथे बाण हवा असेल तर टॉमटॉम टाका, स्लॅश वे आणि दोन आकडे लिहिले की बाण येतो. दोन-तीन क्वेस्ट ॲडऑन एकत्र टाकून स्क्रीनभर पिवळी उद्गारचिन्हं करून घेऊ नका, मग खाली गेम आहे हेच दिसत नाही.

पैशांचं पण बोलू, कारण टोमणे ऐकू येतात, "फुकटच्या ॲडऑनचे पैसे घेतात." ॲडऑनचे पैसे आम्ही घेत नाही, घेऊही शकत नाही. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने २००९ सालीच नियम केला की ॲडऑन फुकट असला पाहिजे, त्याचा कोड उघडा असला पाहिजे, गेममध्ये जाहिरात किंवा देणगी मागणं चालणार नाही. आम्ही घेतो ते आमच्या वेळेचे, शोधून, टाकून, तुमच्या स्क्रीनच्या मापाला बसवून, एरर काढून देण्याचे. वर लिहिलंय ते वाचून स्वतः केलंत तर एक पैसा लागणार नाही आणि आम्हाला वाईटही वाटणार नाही.

पासवर्ड आम्ही मागत नाही. ऑथेंटिकेटरचा (लॉगिन पक्कं करणाऱ्या ॲपचा) कोडही नाही. लॉगिन तुम्ही करायचं, आम्ही फक्त फोल्डर बघतो. आणि ॲडऑनच्या झिपमध्ये इएक्सई फाइल दिसली तर ती डबल क्लिक न करता तशीच डिलीट करा, ॲडऑन म्हणजे लुआ, एक्सएमएल, टीओसी आणि चित्रं-आवाजाच्या फाइल, त्याला इन्स्टॉलर लागत नाही. कॅरेक्टर आपोआप चालवून क्वेस्ट करून देणारं काही मिळेल का असंही विचारतात. ॲडऑनला कॅरेक्टर चालवताच येत नाही, गेमने तो दरवाजा बंदच ठेवलाय, आणि बाहेरचं जे करतं ते बॉट असतं, त्याने अकाउंट बॅन होतं. ते काम आम्ही करत नाही, कितीही पैसे दिलेत तरी.

आमची एक सवय काहींना खटकते, काम सुरू करायच्या आधी आम्ही डब्ल्यूटीएफ फोल्डरची कॉपी घेतो आणि त्यात वेळ जातो. (नाव वाचून हसू नका, ते खरंच तसं आहे.) ॲडऑनची तुमची सगळी सेटिंग्ज त्याच्या आत सेव्हड व्हेरिएबल्समध्ये असतात. एका ग्राहकाचा गेम सारखा एरर देत होता म्हणून आम्ही तो फोल्डर सरळ उडवला, एरर गेला, आणि त्याच्याबरोबर क्वेस्टीतली माय जर्नी पण गेली, पहिल्या लेव्हलपासून कधी कुठली क्वेस्ट केली, मध्ये लिहिलेल्या नोट्स, सगळं. ते काही बोलले नाहीत, नुसतं "अच्छा" म्हणाले, ते जास्त लागलं. तेव्हापासून आम्ही उडवत नाही, रिनेम करतो, म्हणजे वाटलं तर परत आणता येतं. तुम्हीही तसंच करा. अजून एक, ही सेटिंग्ज डिस्कवर लिहिली जातात ती लॉगआउट किंवा रिलोड केल्यावर, तासभर बसून बाण इकडचा तिकडे केला आणि गेम क्रॅश झाला तर गेलं, म्हणून मनासारखं झालं की लगेच एकदा रिलोड मारा.

एवढं करूनही नाही जमलं तर चॅटमध्ये स्लॅश कन्सोल स्क्रिप्टएरर्स १ असं (स्लॅश ते चिन्ह, बाकी इंग्रजी अक्षरांत) टाकून येणाऱ्या एररचा फोटो, आणि ॲडऑन्स फोल्डर उघडून वरच्या पत्त्यासकट दुसरा फोटो, असे दोन फोटो पाठवून मग फोन करा. पुष्कळांचं काम फोटो बघूनच होतं, आणि त्याचे पैसे आम्ही लावत नाही. दर पॅचनंतर सगळे ॲडऑन आम्हीच अपडेट करून द्यावेत असं वाटत असेल तर तसंही करतो, ते फोनवर बोलू.