काँक्रीटच्या ड्रिल बिटमागचा इतिहास

लोखंडाला भोक पाडताना बिट कापत जाते आणि धातूची साल वळून बाहेर येते. काँक्रीटमधून निघते ती भुकटी, कारण ते कापले जात नाही, ठेचले जाते. विजेची ड्रिल येण्याआधी हे कोणाला सांगावे लागत नसे. चांदणीच्या आकाराचे टोक असलेली पोलादी छिन्नी भिंतीला टेकवायची, हातोडीचा घाव घालायचा, छिन्नी जराशी फिरवायची, पुन्हा घाव. फिरवायचे ते फक्त पुढचा घाव नव्या जागी पडावा म्हणून.

तेव्हा भिंतीत स्क्रू बसवायचा तर भगदाड पाडून लाकडी ठोकळा ठोकत आणि कडा लिंपून टाकत. 1910 च्या सुमारास जॉन रॉलिंग्ज या ब्रिटिश कंत्राटदाराने त्यावर तोड काढली. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती विद्रूप न करता विजेचे सामान बसवायचे होते. त्याने तागाचे धागे प्राण्यांच्या रक्ताने चिकटवून बारीक नळी केली. स्क्रू आत शिरला की ती फुगून भिंतीला घट्ट धरायची. रॉल प्लग हे नाव त्याच्याच आडनावावरून पडले. भगदाडाला माप लागत नव्हते, प्लगला लागते. भोक सैल झाले की तो स्क्रूबरोबर नुसता गरगर फिरतो. 1958 मध्ये आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने नायलॉनचा प्लग आणला, आणि 8 मिमीच्या प्लगला 8 मिमीचे बिट हा हिशेब आजही तसाच आहे.

साधे पोलाद काँक्रीटमधल्या खडीपुढे लवकर बोथट होते. त्यावरचा उपाय आला विजेच्या दिव्यांच्या धंद्यातून! टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे महागडे साचे लागत. त्यांना पर्याय शोधताना ओस्राम या जर्मन दिवे कंपनीच्या कार्ल श्र्योटरने टंगस्टन कार्बाईडची भुकटी धातूच्या बंधाने जोडली आणि 1923 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. क्रुप या जर्मन पोलाद कंपनीने तो पदार्थ ‘विडिया’ म्हणून विकला. जर्मनमध्ये ‘हिऱ्यासारखा’ या शब्दांचे ते लघुरूप. भिंतीच्या बिटाच्या टोकाला डाग देऊन बसवलेली पाती त्याच जातीची. ती कठीण तितकीच ठिसूळ असते, म्हणून लालबुंद झालेले बिट पाण्यात बुडवले की तिला तडा जाऊ शकतो.

आता उरला घाव. 1895 ची फाईन कंपनीची हातातली विजेची ड्रिल नुसती फिरायची. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून खडखडतात. विटेला ते पुरते, काँक्रीटमध्ये मात्र हात दुखतात आणि काम पुढे सरकत नाही. बॉशने 1932 मध्ये विजेचा हॅमर आणला. आजच्या रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या उशीतून बिटावर घाव घालतो, त्यामुळे खरा जोर टोकाशी पोचतो. पण चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या तोंडाशी बिट धरणाऱ्या पकडीत, आवळलेले बिट अशा घावांनी ढिले होते. म्हणून 1975 मध्ये बिट धरण्याची एसडीएस ही पद्धत आली: दांड्यावर खाचा, आणि घाव घेताना बिट मागेपुढे सरकायला मोकळे. पोकळ विटेत मात्र हा जोर नकोच, आतले पडदे फुटतात. तिथे घाव बंद करून नुसते फिरवावे.

दोन धारांचे बिट काँक्रीटमधल्या सळईला लागले की अडकते किंवा घसरते. त्यासाठी आता चार धारांची टोके मिळतात. समोरून पाहिले तर त्या जुन्या छिन्नीची चांदणीच.