आठ सेकंद आणि एक कळ

अंधारी खोली. समोर पडदा. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या अंगाला विजेच्या तारा जोडलेल्या, हाताशी एक कळ. पडद्यावर पुरुषाचं छायाचित्र उमटतं. आठ सेकंदांच्या आत कळ दाबली, तर चित्र जातं. नाही दाबली, तर झटका बसतो आणि कळ दाबेपर्यंत थांबत नाही. पुरुषाचं चित्र गेलं की कधी कधी त्या जागी बाईचं छायाचित्र येतं. मेंदूने यातून शिकायचं ते एवढंच: पुरुष म्हणजे वेदना, स्त्री म्हणजे सुटका.

१९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या मँचेस्टरला फेल्डमन आणि मॅककलक हे दोन संशोधक समलैंगिक पुरुषांवर हे उपचार करत होते. ते लपूनछपून चाललं नव्हतं. त्यावर रीतसर शोधनिबंध छापले गेले. त्याच काळात इतर ठिकाणी विजेऐवजी अपोमॉर्फिन नावाचं औषध टोचत. त्याने उलट्या होतात. उलट्यांची उबळ आणि पुरुषांची छायाचित्रं यांची सांगड घातली की किळस बसेल, असा हिशेब. १९६२ मध्ये ब्रिटिश सैन्यातला एक तरुण अधिकारी या उपचारातच दगावला.

आता तारा आणि इंजेक्शनं बरीच मागे पडली आहेत. आज 'कन्व्हर्जन थेरपी', म्हणजे माणसाचा लैंगिक कल बदलण्याचे उपचार, म्हटलं की बहुतेक वेळा दोन खुर्च्या आणि बोलणं असतं. वडील दूर राहिले म्हणून तू असा झालास, आईने फार जवळ घेतलं म्हणून झालास, लहानपणी काहीतरी घडलं असेल, आठवून बघ. कुठे प्रार्थना, कुठे उपास, कुठे अंगातलं 'काहीतरी' काढण्याचे विधी. साधनं सौम्य झाली, पण समोरच्याला सांगितलं जातं ते तेच की तुझ्यात बिघाड आहे आणि तो दुरुस्त करता येतो. या दाव्याची विज्ञानाने वेळोवेळी तपासणी केली आहे. ती नीट समजून घेतली, तर कायद्याने बंदी हवी की नको या प्रश्नाचं उत्तर मला तरी अवघड वाटत नाही. बंदी हवी.

बिघाडाच्या दाव्यापासून सुरुवात करू. समलैंगिक माणसं मुळातच मानसिकदृष्ट्या आजारी असतात, हे एकेकाळी मानसोपचारात गृहीतच धरलेलं होतं. कारण डॉक्टरांकडे येत ते त्रासात असलेले लोकच. दवाखान्यात बसून जग पाहिलं तर सगळेच आजारी दिसणार. एव्हलिन हूकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी उपचार घेत नसलेले ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेतले, त्यांच्या नेहमीच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या केल्या आणि नावं झाकून त्या चाचण्यांची उत्तरं नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवली. यातला कोण समलैंगिक, ते ओळखा. तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. हे १९५७ साली प्रसिद्ध झालं. १९७३च्या डिसेंबरात अमेरिकी मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच केलं.

'मग हे येतं कुठून?' असा प्रश्न लगेच येतो. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. समलिंगी वर्तन ठरवणारं एकच असं जनुक नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे आणि सगळं काही जनुकांत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. बातम्यांत त्याचं 'गे जीन सापडला नाही' असं झालं, आणि जनुकात नाही म्हणजे सवयीचा भाग, म्हणजे बदलता येईल, असा अर्थ काहींनी काढला. ही गल्लत फार नुकसान करते. मातृभाषा घ्या. आपण कोणती भाषा बोलणार हे एकाही जनुकात लिहिलेलं नसतं, ती पूर्णपणे जन्मानंतर येते. तरी कुणी झटके देऊन किंवा समजावून ती आपल्या डोक्यातून काढू शकेल का? एखादी गोष्ट कुठून आली आणि ती पुसता येते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उपचारांचे निकाल पाहूनच मिळतं.

इथे रॉबर्ट स्पिट्झर यांची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. १९७३ मध्ये यादीतून समलैंगिकता काढण्यात या मानसोपचारतज्ज्ञाचा सगळ्यात मोठा हात होता. पण २००१ मध्ये याच स्पिट्झरांनी जाहीर केलं की मनापासून इच्छा असलेल्या काही लोकांचा कल बदलू शकतो. २००३ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला आणि कन्व्हर्जन थेरपी विकणाऱ्यांच्या हाती जणू हुकमाचं पान आलं. समलैंगिकांचा हितचिंतकच म्हणतोय!

आता तो अभ्यास कसा केला होता ते बघा. २०० माणसं. प्रत्येकाशी फोनवर सुमारे पाऊण तास बोलणं. उपचाराआधी कसं वाटायचं आणि आता कसं वाटतं, हे त्यांनी आठवून सांगायचं, तेही काही जणांनी कित्येक वर्षांनी. यातले बरेच जण अशा उपचारांचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांकडूनच आले होते, काही तर त्यांचा जाहीर प्रचार करणारे. उपचार न घेतलेल्यांचा तुलना गट नव्हता. ज्यांना काहीच फरक पडला नाही किंवा जे मध्येच सोडून गेले, ते या फोन कॉलमध्ये येणारच नव्हते. वजन कमी झालेल्यांनाच बोलावून आहारपद्धतीचा निकाल लावण्यासारखं हे झालं. शिवाय ज्याने आपली श्रद्धा, लग्न आणि कधी नोकरीही 'मी बदललो' या वाक्यावर उभी केली आहे, त्याचं उत्तर काय येणार? तो खोटं बोलतो असं नव्हे. स्वतःलाच पटवत राहणं हाच त्याच्या उपचाराचा मुख्य भाग होता.

स्पिट्झरांना हे अखेर मान्य करावं लागलं. २०१२ मध्ये, थकलेल्या वयात, त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहून सांगितलं की सांगितलेला बदल खरा होता की नाही हे ठरवण्याचा कोणताही मार्ग त्या अभ्यासात नव्हता. त्यांनी समलैंगिक समाजाची आणि या अभ्यासावर विसंबून उपचारांत वेळ व शक्ती घालवलेल्यांची माफी मागितली. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, या क्षेत्रातली सगळ्यात मोठी धार्मिक संस्था 'एक्झोडस इंटरनॅशनल' बंद झाली. तिच्या अध्यक्षांनी आधीच कबूल केलं होतं की आपल्याला भेटलेल्यांपैकी जवळपास कुणाचाच कल बदललेला नाही.

त्याआधी २००९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने या विषयावरचे ८३ अभ्यास तपासले होते. टिकाऊ बदल क्वचितच आढळतो, हे त्यांनी स्पष्ट नोंदवलं. झटके दिलेल्या जुन्या रुग्णांत काहींची पुरुषांबद्दलची ओढ दबली होती, पण म्हणून स्त्रियांबद्दल ओढ निर्माण झाली नाही.

फायदा नाही, पण तोटा तरी काय, असं विचारणारे भेटतात. तोटा उपचाराच्या रचनेतच आहे. मनापासून प्रयत्न केलास तर बदलशील, असं आधी सांगितलं जातं. बदल होत नाही. मग दोष कुणाचा? उपचाराचा नाही, प्रयत्न कमी पडलेल्याचा. १५-१६ वर्षांच्या मुलाच्या मनात हे घालणारे त्याचेच आईवडील असतात तेव्हा त्याला जायला जागाच उरत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत २४५ तरुण-तरुणींच्या अभ्यासात, असा प्रयत्न न झालेल्यांपैकी २२ टक्क्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं. घरच्यांनी बदलण्याचा प्रयत्न केलेल्यांत हा आकडा ४८ टक्के, आणि घरच्यांबरोबर बाहेरचा उपचारकही असेल तर ६३ टक्के. नमुना लहान आहे, आणि अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे मान्य. पण एखाद्या गोळीबद्दल फायदा शून्य आणि असे आकडे समोर आले असते, तर ती एक दिवसही बाजारात राहिली नसती.

आता कायदा. सगळ्यात गंभीर आक्षेप संमतीचा आहे. सज्ञान माणसाला स्वतःहून हा उपचार हवा असेल तर सरकारने मध्ये का पडावं? जर्मनीने २०२० मध्ये १८ वर्षांखालच्यांसाठी पूर्ण बंदी आणली, सज्ञानांच्या बाबतीत मात्र जबरदस्ती, फसवणूक अशा मार्गांनी मिळवलेल्या संमतीपुरती. कॅनडाच्या पहिल्या मसुद्यातही संमती देणाऱ्या सज्ञानांना सूट होती. पुढे ती काढली गेली, आणि जानेवारी २०२२ पासून तिथे दुसऱ्याला असा उपचार घ्यायला लावणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. जाहिरात करणंही गुन्हाच. मला कॅनडाचा मार्ग पटतो. संमतीला अर्थ येतो तो खरी माहिती हाती असेल तर. 'तुला आजार आहे आणि माझ्याकडे इलाज आहे' ही दोन्ही वाक्यं खोटी असताना घेतलेली सही कसली? आणि बदलला नाहीस तर घरात जागा नाही, असं ऐकून आलेला तरुण कागदावर स्वेच्छेनेच आलेला असतो.

दुसरा आक्षेप अमेरिकी न्यायालयांपर्यंत गेला: हे तर नुसतं बोलणं, बोलण्यावर बंदी कशी? डॉक्टरने मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन बंद कर असं सांगितलं, तर तेही नुसतं बोलणंच असतं. उपचार म्हणून दिलेला सल्ला हा उपचारच, आणि त्याची जबाबदारीही उपचाराचीच.

व्यावसायिक नियम पुरेसे नाहीत का? ब्राझीलच्या मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेने १९९९ मध्येच मनाई केली. भारतात २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने समलैंगिकता 'बरी' करण्याच्या प्रयत्नांना मनाई करणारे आदेश दिले, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा प्रकार व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. चांगली पावलं आहेत. पण परवाना रद्द होण्याची भीती ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच. विधी करणारा, शिबिरं भरवणारा, स्वतःला 'लाइफ कोच' म्हणवणारा यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही, आणि काम बरंचसं तिथेच चालतं. माल्टाने २०१६ मध्ये परवाना नसलेल्यांनाही लागू होणारा कायदा केला, तो म्हणूनच महत्त्वाचा.

बंदीने हे सगळं भूमिगत होईल, ही भीती खोटी नाही, काही प्रमाणात होईलच. पण मुलाला घेऊन कुठे जायचं हे शोधणारे आईवडील बहुधा जाहिरात बघून जातात, भूमिगत जागा शोधत नाहीत. जाहिरात बंद झाली की त्यांच्यातले बरेच जण साध्या समुपदेशकाच्या दारात येतील.

कायद्याची भाषा मात्र काटेकोर हवी. मी समलैंगिक आहे का, हे माझ्या श्रद्धेत कसं बसवू, घरी सांगू की नको, यावर मोकळेपणाने बोलायला कुठल्याही समुपदेशकाला अडचण येता कामा नये. अशा बोलण्यातून काय निष्पन्न व्हायला हवं हे आधीच ठरलेलं असेल, तर तो कन्व्हर्जन थेरपीचा प्रकार. ठरलेलं नसेल, तर मुलगा पहिल्या भेटीत तासभर गप्प बसला तरी चालतं, आणि आई बाहेर येऊन 'याला नक्की झालंय तरी काय?' म्हणाली, तर 'काहीच झालेलं नाही' एवढं तिला सांगता येतं.