पाठ टेकण्यापुरती जागा

चेन्नईत काही अर्थशास्त्रज्ञांनी 452 माणसांच्या मनगटावर घड्याळासारखं एक यंत्र बांधलं. सगळी कमी उत्पन्नाची, हातावर पोट असलेली माणसं. हे यंत्र मनगटाची हालचाल टिपतं, आणि माणूस खरंच झोपलाय की नुसता पडून आहे याचा अंदाज त्यावरून येतो. ही माणसं रात्री सुमारे 8 तास अंथरुणावर असायची आणि झोप लागायची सरासरी साडेपाच तास. उरलेला वेळ उकाड्यात, डासांत, रस्त्यावरच्या आवाजांत कूस बदलण्यात जायचा.

संशोधकांनी दोन उपाय करून पाहिले. काहींना रात्रीच्या झोपेसाठी मदत केली: माहिती दिली, पंखे, उशा, कानातले बोळे दिले, काहींना तर जास्त झोपल्याबद्दल पैसेही दिले. झोप रोज 27 मिनिटांनी वाढली, पण कामात, मनःस्थितीत, तब्येतीत म्हणावा तसा फरक दिसला नाही. दुसरा उपाय साधा होता. कामाच्या जागीच दुपारी अर्धा तास आडवं होण्याची सोय केली. काम संगणकावर माहिती भरण्याचं. दुपारी झोपलेल्यांचं काम अधिक वेगाने होऊ लागलं, लक्ष टिकू लागलं, मन हलकं राहू लागलं. 2021 साली हे निष्कर्ष ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा चकितच झालो. रात्री मिळालेल्या जादा झोपेने जे साधलं नाही, ते दुपारच्या छोट्याशा डुलकीने साधलं होतं. संशोधकांना वाटतं की रात्रीची ती झोप मुळातच तुटक होती. तुकड्यांत आणखी थोडे तुकडे पडले, एवढंच.

पण दुपारीच का झोप येते? आपण बहुतेक वेळा भाताला दोष देतो. भरपेट जेवणाने सुस्ती वाढते हे खरं, पण प्रयोगांत दुपारचं जेवण न दिलेल्या माणसांनाही त्याच सुमाराला पेंग येते. म्हणजे ही ओहोटी ताटातून येत नाही, ती शरीरातच असते. झुरिचच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली झोपेचं एक साधं गणित मांडलं, ते आजही वापरात आहे. त्यात दोन गोष्टींची रस्सीखेच असते. एक झोपेचा दाब. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात तसतसं ॲडेनोसिन नावाचं रसायन साचतं आणि दाब वाढत जातो. (चहा-कॉफीतलं कॅफिन या ॲडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून तरतरी वाटते. साचलेलं ॲडेनोसिन मात्र तिथेच असतं.) दुसरं शरीराचं घड्याळ. ते दिवसभर जागं राहायला रेटा देतं, आणि तो रेटा संध्याकाळी सर्वांत जोरात असतो. दुपारी साधारण 1 ते 3च्या दरम्यान सकाळपासूनचा दाब बराच साचलेला असतो आणि घड्याळाचा रेटा अजून पुरता चढलेला नसतो. त्या फटीत पापण्या मिटतात.

ही गोष्ट माणसापुरतीही नाही. केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाश्या दुपारी विसावतात, आणि ऊन तापलं की त्यांची दुपारची झोप लांबते. त्यांच्या घड्याळातल्या ‘पिरियड’ नावाच्या जनुकापासून निघणाऱ्या संदेशाची काटछाट उष्णतेत कमी नीट होते, आणि त्यातूनच हा बदल घडतो. एवढ्याशा जिवातही तापलेली दुपार टाळण्याची तरतूद आहे!

चरकसंहितेची भूमिका याच्याशी आश्चर्यकारक जुळते. दिवसा झोपण्याला चरकाची सरसकट परवानगी नाही. पण ग्रीष्मात, रात्री लहान होतात तेव्हा, ती आहे. आणि ज्यांनी केव्हाही दिवसा झोपावं अशांची एक यादीही आहे. तिच्यात म्हातारे, लहान मुलं, अशक्त माणसं तर आहेतच, शिवाय काम करून, ओझी वाहून, वाट चालून झिजलेले लोकही आहेत. वामकुक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो सुखवस्तू माणूस, जेवून पान खाऊन लवंडलेला. चरकाच्या यादीत मात्र हमाल आहे.

वामकुक्षी या शब्दातच कूस सांगितली आहे: वाम म्हणजे डावी. त्यालाही शरीररचनेचा आधार आहे. डाव्या कुशीवर निजलं की अन्ननलिका जठराला जिथे मिळते ती जागा जठरातल्या आम्लाच्या वर राहते, आणि घशाशी आलेलं आम्ल लवकर खाली उतरतं. जळजळीचा त्रास असणाऱ्यांनी हे करून पाहावं.

किती वेळ पडावं, हा खरा कळीचा प्रश्न आहे. अमेरिकेत ‘नासा’च्या संशोधकांनी प्रशांत महासागरावरच्या लांब उड्डाणांत वैमानिकांना आळीपाळीने 40 मिनिटांची सुटी दिली. तेवढ्यात ते सरासरी 26 मिनिटं झोपले. ज्यांना अशी सुटी मिळाली नाही, त्यांच्या मेंदूच्या आलेखात विमान खाली उतरत असतानाही क्षणभराच्या डुलक्या सापडल्या. स्वतःला त्या कळतही नाहीत, हे त्यातलं सर्वांत भीतिदायक. ऑस्ट्रेलियात 2006 साली 5, 10, 20 आणि 30 मिनिटांच्या झोपांची तुलना झाली. 10 मिनिटांच्या झोपेने तरतरी उठल्याउठल्या आली आणि बराच वेळ टिकली. 30 मिनिटं झोपलेले मात्र उठल्यावर काही काळ जडावलेले होते. कारण अर्ध्या तासाच्या आसपास मेंदू गाढ झोपेत उतरू लागतो, आणि तिथून ओढून बाहेर काढलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हेही क्षणभर उमजत नाही. गजर 20 मिनिटांचा लावावा आणि 3च्या आत उठावं, म्हणजे रात्रीची झोप बिघडत नाही. ज्यांना रात्री झोपच लागत नाही, त्यांनी मात्र दुपारचा मोह टाळलेला बरा, कारण रात्रीसाठी लागणारा दाब दुपारीच ओसरून जातो.

हृदयाचं काय? ग्रीसमध्ये 23,681 जणांवर सरासरी 6 वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं गेलं. 2007 साली निष्कर्ष आला की नियमित दुपारी झोपणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी होते. आकडा मोठा आहे, पण मी त्यावर फार भिस्त ठेवणार नाही. हा प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं. ज्याला दुपारी झोपता येतं त्याचं एकूण आयुष्यच कमी धावपळीचं असू शकतं. उलट, रोज तास-दीड तास झोपावंच लागत असेल तर रात्री घोरणं, मधुमेह किंवा थायरॉइड यांपैकी काही त्यामागे आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

आणि झोप लागलीच पाहिजे असंही नाही. एडिंबरात 2012 साली वयस्कर मंडळींना छोट्या गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर ते 10 मिनिटं मंद उजेडात डोळे मिटून शांत बसले. दुसरीनंतर त्यांना दोन चित्रांतले फरक शोधायला दिले. आठवड्याने विचारलं तेव्हा शांत बसण्याआधी ऐकलेली गोष्ट त्यांना जास्त आठवत होती. हातातला फोन म्हणजे न संपणारी फरक-शोधा चित्रंच आहेत. जेवणाच्या सुटीत तो उघडला की शरीर बसलेलं असतं, मेंदूला मात्र सुटी मिळत नाही.

चेन्नईच्या अभ्यासातली एक गोष्ट अजून सांगायची आहे. दुपारी झोपलेल्यांचं तासाभरातलं काम वाढलं, पण झोपेचा अर्धा तास कामातून वजा झाला. तेवढा वेळ नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा त्यांची कमाई जास्त होती, पण त्या अर्ध्या तासातही काम करत राहिलेल्यांपेक्षा कमी. म्हणजे डोकं ताळ्यावर आलं, मन शांत झालं, आणि त्याची किंमत झोपणाऱ्याच्याच खिशातून गेली. आपल्याकडे बांधकामावरच्या बायका भाकरी खाऊन, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून, पदर डोळ्यांवर ओढून दहा मिनिटं आडव्या होतात. मुकादमाने हाक मारली की उठतात. ती दहा मिनिटं त्यांच्या हजेरीत धरायला हवीत, आणि वर सावली हवी.