आहुजा, अजय

(२२ मे १९६३ – २७ मे १९९९). भारतीय हवाई दलातील लढाऊ वैमानिक व स्क्वाड्रन लीडर; कारगिल युद्धातील कामगिरीबद्दल मरणोत्तर वीरचक्राचे मानकरी. जन्म राजस्थानातील कोटा येथे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिक्षण. १९८५ मध्ये हवाई दलात प्रवेश. नाशिकशी त्यांचे नाते विमानामुळे जडले.

कारगिल युद्धातील हवाई दलाच्या ‘सफेद सागर’ मोहिमेतील हवाई हल्ले २६ मे १९९९ रोजी सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी बटालिक भागात फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन रॉकेटचा मारा करताना बंद पडले आणि त्यांना बाहेर उडी घ्यावी लागली. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांचा धोका माहीत असूनही आहुजा परत फिरले नाहीत. सहकाऱ्याचा ठावठिकाणा शोधत ते तिथेच घिरट्या घालत राहिले. तेवढ्यात त्यांच्या मिग-२१ वर क्षेपणास्त्र आदळले. ते स्टिंगर होते की पाकिस्तानी बनावटीचे अंझा, याबाबत दोन्ही मते आढळतात.

विमानाच्या प्रकाराबद्दलही एकवाक्यता नाही. काही ठिकाणी मिग-२१ ‘एमएफ’ अशी नोंद सापडते, तर काही ठिकाणी ‘एम’ अशी. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. मुख्य फरक इंजिनाचा. ‘एम’ला आर-११ मालिकेतील, तर ‘एमएफ’ला अधिक जोरकस आर-१३ इंजिन असते. आहुजा ज्या १७ व्या स्क्वाड्रनचे होते, तिच्याकडे १९७० च्या दशकापासून ‘एम’, म्हणजे हवाई दलाच्या बोलीतले ‘टाइप-९६’ होते. त्यामुळे ‘एम’ हाच पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली दीडशेच्या वर ‘एम’ विमाने साधारणपणे १९७३ ते १९८१ या काळात बांधली. सांगाडा व अंतिम जुळणी ओझरला (ता. निफाड, जि. नाशिक), इंजिने कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. मिग-२७ ची बांधणीही पुढे ओझरलाच झाली. तेव्हा त्या दिवशी पडलेली दोन्ही विमाने ओझरच्या कामगारांच्या हातांखालून गेलेली असावीत.

‘टाइप-९६’ची कॅनॉपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण) उजव्या बाजूला उघडते. वैमानिकाने मांड्यांमधली जोडमूठ वर खेचली की आधी कॅनॉपी उडते, मग आसन. आहुजांनी ही मूठ वेळेवर खेचली. शवविच्छेदनात गोळ्यांच्या जखमा आढळल्या; गुडघ्याचे हाड उतरताना मोडले असावे. यावरून ते जमिनीवर जिवंत पोहोचले आणि नंतर त्यांना ठार मारण्यात आले, हे भारतीय बाजूचे म्हणणे सबळ ठरते. नचिकेता पाकिस्तानच्या कैदेतून आठवडाभराने मायदेशी परतले. आहुजांना त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी वीरचक्र जाहीर झाले.

ओझरचा कारखाना १९६४ चा. त्या वेळचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण हे १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. पंचक्रोशीत कारखान्याला ‘मिग’ म्हणतात; ‘वडील मिगमध्ये होते’ एवढे सांगितले की पुरते. ज्यांनी त्या पत्र्यांना रिव्हेट मारले, त्यांच्या घरांत आहुजांचे नाव आवर्जून सांगितले जावे, असे हे नाते आहे.

१७ व्या स्क्वाड्रनमध्ये २०२० मध्ये राफाल विमाने दाखल झाली. मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. त्यानंतरच्या महिन्यात ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने तिथून उड्डाण केले.